इंग्रजी परिच्छेद आणि मराठी विचारबंध : पारोळ्याच्या एका उदाहरणाच्या आधारे

१

पारोळा हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांतून येथील अनेक विद्यार्थ्यांची वाटचाल होते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजीचे अध्यापन पहिल्या इयत्तेपासून होऊ लागले; त्यापूर्वी ते सामान्यतः पाचवीपासून सुरू होत असे. इंग्रजीशी परिचयाचा काळ अशा रीतीने वाढला. तथापि इंग्रजीत पंधरा ओळींचा एक सलग परिच्छेद लिहिण्याची वेळ आली, की मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अडखळतो, हा अध्यापकांच्या नित्य परिचयाचा अनुभव आहे. पदव्युत्तर पातळीवर हीच अडचण मराठी शोधनिबंधाचा इंग्रजी सारांश लिहिताना पुन्हा उभी राहते.

या अडचणीचे निदान बहुधा ठरलेले असते. शब्दसंग्रह अपुरा आहे, काळ चुकतात, शब्दयोगी अव्ययांचा गोंधळ होतो, असे म्हटले जाते आणि तांबड्या शाईने तेवढेच दुरुस्त केले जाते. परंतु प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष केल्यानंतरही परिच्छेद विस्कळीतच राहिल्याचे दिसते. याचा अर्थ दोष वाक्यात नसून वाक्यांच्या परस्परसंबंधात आहे. हा संबंध विद्यार्थ्याला मुळीच कळत नाही असेही नाही. मराठीत तो ज्या रीतीने राखला जातो ती रीत त्याच्या अंगवळणी पडलेली असते आणि इंग्रजीत तिची अपेक्षा वेगळी असते. हे वेगळेपण उलगडून दाखविल्याशिवाय इंग्रजी परिच्छेदाचे अध्यापन सफल होणार नाही, आणि ते उलगडण्याचे काम मराठीच्या अध्यापकाच्या साहाय्याखेरीज होण्यासारखे नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम इंग्रजी परिच्छेदाचा विचार करू. 'पॅराग्राफ' हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे. मजकुराच्या कडेला, नवा भाग सुरू होतो हे दाखविण्यासाठी काढलेली रेघ, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे परिच्छेद ही आधी वाचकासाठी केलेली खूण होती. ती विचाराची घटक मानली गेली ती पुष्कळ नंतर. परिच्छेदाची पद्धतशीर मीमांसा करण्याचे श्रेय अॅबर्डीन येथील तर्कशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांना दिले जाते. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी लेखनविषयक ग्रंथात त्यांनी परिच्छेदाचे नियम सांगितले. प्रत्येक वाक्याचा आधीच्या वाक्याशी असलेला संबंध स्पष्ट असावा. समान महत्त्वाच्या कल्पना समान रचनेत याव्यात. आरंभीच्या वाक्यातून विषय सूचित व्हावा. परिच्छेदात एकच हेतू असावा. मांडणीत क्रम असावा. आणि मुख्य व गौण यांचे प्रमाण राखले जावे, असा त्या नियमांचा आशय आहे.

बेन हे तर्कशास्त्रज्ञ होते ही गोष्ट येथे दुर्लक्षिण्याजोगी नाही. एका वाक्यात जे नाते उद्देश्य आणि विधेय यांचे, तेच नाते परिच्छेदात विषय आणि विस्तार यांचे, अशी त्यांच्या विचाराची दिशा होती. पुढे विशेषतः अमेरिकन पाठ्यपुस्तकांनी या नियमांतून एक साचा तयार केला : पहिले वाक्य विषयवाक्य, त्यानंतर तीन-चार आधारवाक्ये, शेवटी समारोपाचे वाक्य. आपल्याकडील मार्गदर्शक पुस्तकांतही हाच साचा आढळतो.

हा साचा वस्तुस्थितीचे वर्णन करतो का, हा प्रश्न रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ साली विचारला. अमेरिकन नियतकालिकांतील पंचवीस लेखांची तपासणी करून त्यांनी दाखवून दिले, की व्यावसायिक लेखकांच्या वैचारिक परिच्छेदांपैकी अवघे तेरा टक्के परिच्छेद विषयवाक्याने सुरू होतात. या निष्कर्षावरून विषयवाक्य निरुपयोगी ठरत नाही. त्यावरून एवढेच कळते, की मुरलेला लेखक एकसूत्रता इतर उपायांनीही राखू शकतो. नवशिक्याने मात्र ते वाक्य लिहून स्वतःला बांधून घेणे सोयीचे असते. साचा हा चालायला शिकण्याचा पांगुळगाडा आहे, चालण्याची एकमेव रीत नव्हे, हे भान अध्यापकाने ठेवावयास हवे.

३

मराठी गद्याकडे वळल्यास काय दिसते? छापखान्यापूर्वीच्या मराठी लेखनात आजच्या अर्थाचा परिच्छेद नव्हता. मोडीतील पत्रव्यवहारात डोईरेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात. शब्दांमध्ये अंतर नसे, विरामचिन्हेही नसत. पारोळ्याहून जवळच असलेल्या धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले आणि पुढील वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने प्रसिद्ध केलेली पत्रे वाचणाऱ्याला एक गोष्ट जाणवते. कागदावर मोकळी जागा नसली, तरी विषयांतराची जाणीव लेखकाला पुरती आहे. 'ऐसियास', 'त्यास', 'यास्तव', 'दुसरे' अशा शब्दांनी तो नवा मुद्दा उघडतो आणि 'बहुत काय लिहिणे' म्हणून पत्र मिटवितो. छापील पान जे काम कोऱ्या जागेकडून करून घेते ते येथे शब्द करीत होते.

त्याहून मागे गेल्यास महानुभाव गद्यात विचाराचे सुटे घटक स्पष्ट दिसतात. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'तील प्रत्येक लीळा हा एका प्रसंगापुरता बांधलेला गद्यखंड आहे. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'ची रचना तर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. त्यातील प्रत्येक दृष्टांताची तीन अंगे आहेत : आरंभी चक्रधरांचे सूत्र, मग त्याचा दृष्टांत, आणि शेवटी त्या दृष्टांताचा सूत्राशी मेळ घालून दाखविणारे दार्ष्टांतिक. विधान, उदाहरण आणि उदाहरणाचे विधानाशी नाते, ही तीन अंगे इंग्रजी लेखनाचे कोणतेही पाठ्यपुस्तक आजही मागते. तेव्हा सुसंघटित गद्यखंडाची कल्पना मराठीला परकी आहे, असे म्हणता येणार नाही.

परकी होती ती परिच्छेदाची दृश्य खूण आणि तिच्याबरोबर आलेली विरामांची शिस्त. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. त्याच्या पानावर शेजारशेजारच्या स्तंभांत इंग्रजी व मराठी मजकूर छापला जाई. मराठी वाक्याला इंग्रजी वाक्याच्या शेजारी, त्याच पानावर आणि त्याच मापात उभे राहण्याचा हा प्रसंग मराठी गद्याच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० साली आली. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर'मधून प्रसिद्ध झाली. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा जॉन्सन, मेकॉले यांच्या गद्याचा संस्कार आणि संस्कृत वळणाची पल्लेदार वाक्यरचना यांचा संयोग होऊन मराठी निबंधाचा परिच्छेद आकारास आला. पुढे आगरकरांच्या लेखनात त्याला युक्तिवादाची धार आली. आजचा मराठी परिच्छेद म्हणजे या दोन प्रवाहांचा संगम होय. त्याचे बाह्य रूप इंग्रजीकडून आले, परंतु त्याची अंतर्गत गती सर्वस्वी इंग्रजी झाली नाही.

४

ही अंतर्गत गती कोणती? अमेरिकन भाषाभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांच्या आधारे असे सुचविले, की प्रत्येक भाषासमूहाची परिच्छेदरचनेची रीत निराळी असते. इंग्रजीची गती त्यांनी सरळ रेषेने दाखविली, तर पौर्वात्य म्हणून त्यांनी एकत्र केलेल्या भाषांची आत वळत जाणाऱ्या रेषेने. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. परभाषेतील निबंधांवरून मातृभाषेतील विचारपद्धतीचा निर्णय करणे शास्त्रीय नव्हे, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होता. १९८७ साली स्वतः कॅप्लन यांनीही आपण भेदांवर नको तितका भर दिल्याचे मान्य केले.

मराठीच्या संदर्भात या प्रश्नाचा थेट विचार राजेश्वरी पंढरीपांडे यांनी १९८३ साली इंग्रजी-मराठी तुलनेवरील आपल्या लेखात केला. त्यांच्या मते मराठी परिच्छेदाचा घाट वर्तुळाकार असतो. आरंभी एखादे गृहीत मांडले जाते, त्याच्या बाजूने वा विरुद्ध युक्तिवाद येतात आणि अखेरीस त्या गृहीताचीच पुष्टी केली जाते. म्हणजे परिच्छेद जेथून निघाला तेथेच, परंतु अधिक निश्चयाने, परत येतो.

या घाटाला भारतीय तर्कपरंपरेत आधार सापडतो. न्यायशास्त्रातील अनुमानाचे पाच अवयव प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या क्रमाने येतात. निगमनात प्रतिज्ञेचाच पुनरुच्चार असतो. मात्र आता ती सिद्ध झालेली असते. 'दृष्टांतपाठा'तील दार्ष्टांतिकही सूत्राकडेच परतते. कीर्तनकार अभंगाचे चरण घेऊन निघतो, दृष्टांतांतून फिरतो आणि पुन्हा त्याच चरणावर येतो, हेही या ठिकाणी आठवावे. ज्या समाजात ज्ञान दीर्घकाळ श्रवणातून पोहोचले, तेथे परत फिरून येणे ही श्रोत्याची सोय असते. त्यास पुनरुक्तीचा दोष मानणे अन्यायाचे ठरेल.

इंग्रजी वैचारिक गद्याचा वाचक मात्र पान पुढ्यात धरून असतो. विसरल्यास तो मागे पाहू शकतो. परिच्छेदाच्या शेवटी आरंभीचेच विधान आले, तर आपण पुढे गेलो नाही असे त्याला वाटते. प्रत्येक वाक्याने आपल्याला एक पाऊल पुढे न्यावे, आणि परिच्छेद संपताना पुढील परिच्छेदाची वाट दिसावी, अशी त्याची अपेक्षा असते. दोन्ही रीती आपापल्या वाचकाशी प्रामाणिक आहेत. वाचक बदलला की रीत बदलावी लागते, एवढेच.

५

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. पारोळ्याच्या विद्यार्थ्याला गावातील किल्ल्यावर इंग्रजीत एक परिच्छेद लिहावयास सांगितले आहे, असे समजू. त्याच्या लेखनाचा मराठी आशय साधारणपणे असा असेल :

'गावाची शान जुन्या वास्तूंत असते. पारोळ्यालाही असा वारसा लाभला आहे. येथे एक किल्ला आहे. तो हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधला असे सांगतात. त्याच्याभोवती खंदक होता. गावाचा बाजारही मोठा आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्या तांबे घराण्याचा पारोळ्याशी संबंध सांगितला जातो. किल्ल्याचा तट आता ढासळला आहे. अशा वास्तू जपल्या पाहिजेत, कारण गावाची शान त्यांतच असते.'

मराठीत हा परिच्छेद सामान्य असला तरी खटकत नाही. पहिले वाक्य प्रतिज्ञेचे, शेवटचे निगमनाचे आणि मधली वाक्ये उदाहरणाची. 'गावाची शान' या छत्राखाली बाजारही बसतो आणि तांबे घराणेही. इंग्रजी वाचकाला मात्र तीन ठिकाणी अडावे लागते. पहिले वाक्य कोणत्याही गावाला लागू पडेल इतके व्यापक आहे. त्यावरून पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही. मधली वाक्ये एकाच विषयाविषयी असली, तरी एकाच विधानाविषयी नाहीत. आणि शेवटी नवे काही हाती लागत नाही.

उपाय व्याकरणात नाही. विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा लागतो : या किल्ल्याविषयी तुला नेमके काय म्हणावयाचे आहे? हा किल्ला सपाट जमिनीवरचा, म्हणजे भुईकोट आहे. या एका गोष्टीला धरून विचार केला, की मजकुराची मांडणी पालटते :

'पारोळ्याचा किल्ला डोंगराच्या नव्हे, तर तट आणि खंदक यांच्या बळावर उभा होता. १७२७ साली तो हरी सदाशिव दामोदर यांनी सपाट जमिनीवर बांधला असे सांगतात. अशा जमिनीवर शत्रूला अडविणारा कडा नसतो. म्हणून किल्ल्याभोवती खंदक खणण्यात आला आणि आत तट उभारण्यात आला. आज हा तट अनेक ठिकाणी ढासळला आहे. डोंगरी किल्ल्याचा तट पडला तरी डोंगर उरतो. येथे तट पडला, की किल्ल्याचे किल्लेपणच जाते.'

माहिती जवळजवळ तीच आहे, परंतु आता प्रत्येक वाक्य पहिल्या वाक्याने निर्माण केलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर देते. शेवटचे वाक्य आरंभाकडे पाहते, पण तेथे परतत नाही. जपणुकीची निकड ते उपदेशावाचून सांगते. बाजार आणि तांबे घराणे यांना येथून निघावे लागले. लक्ष्मीबाईंचा उल्लेख गाळणे पारोळ्याच्या विद्यार्थ्याच्या जिवावर येईल हे उघड आहे. त्याला सांगावयाचे ते असे, की तो उल्लेख टाकून द्यावयाचा नाही. त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावयाचा आहे. एकसूत्रता राखणे म्हणजे काय, हे मौल्यवान माहिती बाजूला काढून ठेवतानाच खऱ्या अर्थाने कळते.

६

विचाराची ही मांडणी सिद्ध झाल्यावर भाषेचा प्रश्न येतो, आणि येथेही मराठी व इंग्रजी यांच्या रचनेतील भेद परिच्छेदाच्या सांधेजोडीवर परिणाम करतात. मायकेल हॅलिडे आणि रुकय्या हसन यांनी १९७६ साली इंग्रजीतील अशा सांधेजोडीची साधने वर्गवारीने दाखविली. त्यांपैकी तीन बाबी मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब सर्वनामांची. मराठीत किल्ला 'तो', तटबंदी 'ती' आणि गाव 'ते' असते. तिन्ही नामे एका वाक्यात आली तरी पुढील वाक्यातील सर्वनाम कोणाचे हे लिंगावरून कळते. पुष्कळदा सर्वनाम गाळले तरी क्रियापदाचे रूप ते सांगते. इंग्रजीत या तिघांनाही एकच 'इट' लागते. मराठीच्या भरवशावर लिहिणाऱ्याचे 'इट' म्हणूनच संदिग्ध होते. अशा ठिकाणी नामाची पुनरुक्ती करणे हा इंग्रजीत दोष नसून गरज असते.

दुसरी बाब शब्दक्रमाची. 'किल्ला हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला' आणि 'हरी सदाशिव दामोदर यांनी किल्ला बांधला' ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज येतात. आधीच्या वाक्यात जे आले ते पुढच्या वाक्याच्या आरंभी ठेवून धागा अखंड राखण्याची मुभा मराठीला शब्दक्रमाच्या लवचिकतेमुळे मिळते. इंग्रजीत क्रम बराचसा बांधलेला असल्याने हे काम कर्मणी प्रयोग करतो. आपल्याकडे तो 'प्रयोग बदला' या परीक्षेतील प्रश्नापुरता शिकविला जातो. त्यामुळे तो केव्हा वापरावा हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. किल्ल्याविषयीच्या परिच्छेदात किल्ला हाच वाक्यारंभी राहावा म्हणून कर्मणी प्रयोग हवा, एवढे सांगितले तरी त्या प्रयोगाचे प्रयोजन समजते.

तिसरी बाब 'च', 'ही', 'तर', 'मात्र' या अव्ययांची. वाक्याचा भर कोठे आहे आणि आधीच्या वाक्याशी विरोध आहे की भर घातली जात आहे, हे मराठी एका अक्षराने सांगू शकते. 'बाजार मोठा आहे' आणि 'बाजारही मोठा आहे' यांतील अंतर पाहावे. इंग्रजीत यासाठी स्वतंत्र जोडशब्द, वाक्यातील स्थान किंवा वेगळी रचना लागते. विद्यार्थी शब्दशः लिहितो तेव्हा नेमके हे एकाक्षरी सांधे गळून पडतात आणि वाक्ये सुटी भासू लागतात.

७

वरील विवेचनावरून अध्यापनाविषयी काही गोष्टी सुचविता येतील. इंग्रजी परिच्छेदाचा आराखडा प्रथम मराठीत, अहिराणीभाषक विद्यार्थ्याने हवा तर अहिराणीतही, एका वाक्यात बोलून घ्यावा. 'मला काय म्हणावयाचे आहे' हे स्वभाषेत सांगता येत नसेल, तर ते परभाषेत येणार नाही. त्यानंतर आधाराची वाक्ये निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांचा क्रम लावावा आणि प्रत्येक चिठ्ठी पहिल्या विधानातील कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते ते तोंडी सांगावे. जिला उत्तर सांगता येत नाही ती चिठ्ठी बाजूला ठेवावी. इंग्रजी वाक्ये लिहिण्याचे काम यानंतर सुरू व्हावे.

मराठी विभागाचा वाटा याही आधीचा आहे. चिपळूणकर वा आगरकर यांचा निबंध वर्गात शिकविताना त्यातील विचार आणि शैली यांची चर्चा होते. परंतु प्रत्येक परिच्छेद कोणते विधान करतो, तो कोठे वळतो आणि पुढच्याला कसा जोडला जातो, हे समासात एकेका ओळीत लिहून काढण्याचा पाठ क्वचितच दिला जातो. तो दिल्यास निबंधाचे आकलन सखोल होईल आणि लेखनाची जी शिस्त विद्यार्थ्याने इंग्रजीत दाखवावी असे आपण म्हणतो, ती त्याला स्वभाषेतच भेटेल.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. इंग्रजी रीत शिकविताना मराठी रीत हीन लेखली जाऊ नये, आणि सर्व मराठी गद्य सरळ रेषेच्या साच्यात ओतले जाऊ नये. वर्तुळाकार परिच्छेदाचे स्वतःचे सामर्थ्य आहे; ललित निबंध, व्याख्यान, कीर्तन यांतून ते सिद्ध झाले आहे. विद्यार्थ्याला दोन्ही रीती ओळखता याव्यात आणि समोरचा वाचक पाहून त्यांतील एक निवडता यावी, हे उद्दिष्ट असावे.

आज पारोळ्याच्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर 'इंग्रजी कच्चे' असा शेरा पडतो, तेव्हा तो बहुधा असे समजतो की आपली बुद्धीच उणी आहे. वास्तविक त्याचा विचार एका जुन्या आणि सुसंगत परंपरेच्या वाटेने चाललेला असतो. दुसरी वाट त्याला कोणी दाखविलेली नसते. ती दाखविणे हे इंग्रजीच्या अध्यापकाइतकेच मराठीच्या अध्यापकाचेही कर्तव्य आहे.